आग्रा... पण ताजमहालाशिवाय!

'आग्रा' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ताजमहाल, पेठा, पेटाऱ्यातून महाराजांची सुटका आणि सहलीतला तो ठरलेला ग्रुप फोटो. बरोबर? आता जरा पृथ्वीचा गोल फिरवा. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी जी चिंचोळी पट्टी आहे ना, तिच्यावर बोट ठेवा. पनामा आणि कोस्टा रिका. इथल्या जंगलात एक नाही, कित्येक 'आग्रा' राहतात. सहा पाय, सडसडीत बांधा, लांबलचक मान आणि काहींच्या अंगावर तर चक्क धातूसारखी झळाळी. हा आहे भुंगेऱ्यांचा एक गट. शास्त्राच्या दप्तरी त्याचं नाव आग्रा!

ग्रीक भाषेत 'आग्रा' म्हणजे शिकार. शिकारी भुंगेऱ्यांच्या खानदानात हे नाव अगदी फिट्ट बसतं. पण खरी गंमत पुढे आहे. या आग्रा मंडळींमध्ये एक केट विन्स्लेट आहे, एक अरनॉल्ड श्वार्झेनेगर आहे, एक लिव्ह टायलर आहे. शिवाय एक यती आहे आणि एक 'आब्रा का डाब्रा'सुद्धा. कुणी ठेवली ही नावं? टाइमपास म्हणून? की त्यामागे काही होतं? उत्तर शोधायचं तर पनामाच्या जंगलात जायला हवं. आणि तिथे गेल्यावर मान वर करून उभं राहायला हवं.

ग्राउंड बीटल, पत्ता टॉप फ्लोअर

आधी थोडी खानदानाची ओळख. आग्रा ज्या कुळात येतात त्याचं नाव कॅराबिडी. जगभरात या कुळातल्या चाळीस हजारांच्या आसपास प्रजातींना आजवर नावं मिळाली आहेत. इंग्रजीत यांना 'ग्राउंड बीटल' म्हणतात, म्हणजे जमिनीवरचे भुंगेरे. हे नाव पडलं युरोपात. तिथे हे किडे दगडाखाली, पालापाचोळ्यात सापडतात, रात्री बाहेर पडतात आणि इतर किड्यांचा फडशा पाडतात. त्यामुळे 'ग्राउंड' म्हणणं बरोबरच होतं.

उष्ण कटिबंधात मात्र या कुळातल्या कित्येकांनी जमीन सोडली आणि झाडावर बिऱ्हाड थाटलं. आग्रा त्यातले अस्सल टॉप फ्लोअरवाले. पंचवीस-तीस मीटर उंचीवर, जिथे पानांचा मांडव दाटतो, तिथे यांचा संसार. गुळगुळीत पानावरून घसरू नये म्हणून तळपायांना केसाळ गाद्या. म्हणजे कुळाचं नाव 'जमिनीवरचे' आणि मुक्काम पेंटहाउसमध्ये!

या गटाला 'आग्रा' हे नाव दिलं योहान ख्रिस्तियान फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने, १८०१ साली. हे गृहस्थ म्हणजे सजीवांना दुहेरी नावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचे शिष्य. त्यांनी आयुष्यात जवळजवळ दहा हजार कीटकांचं बारसं केलं. पण आग्रा नेमके कुठे राहतात, किती आहेत, हे पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं कुणाला धड कळलंच नाही. कारण साधं होतं. एवढ्या उंच झाडावर चढणार कोण?

गाम्बोआचा धक्का, सकाळची बोट

पनामा सिटी हे शहर पहिल्या नजरेत थेट आपल्या नरिमन पॉइंटची आठवण करून देतं. समुद्राला लागून काचेचे टॉवर, बँका, ट्रॅफिक. पण अर्धा-पाऊण तास गाडी चालवली की चित्र पालटतं. तीसेक किलोमीटरवर गाम्बोआ नावाचं छोटंसं गाव लागतं. एका बाजूला पनामा कालवा, दुसऱ्या बाजूला थेट जंगल. इथल्या धक्क्यावरून बोट निघते ती बारो कोलोरादो बेटाकडे. शेजारून तीन-चार मजली उंचीएवढे कंटेनर रचलेली अजस्र जहाजं सरकत असतात. तुमच्या ऑफिसातला कीबोर्ड आणि मॉनिटरही कदाचित याच वाटेने कधीतरी कुठेतरी गेला असेल, असा विचार मनात येतोच.

हे बेट मुळात बेट नव्हतंच. ती एक टेकडी होती. कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधलं, गातून तलाव भरू लागला, आजूबाजूच्या दऱ्या बुडाल्या आणि टेकडीचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला. १९२३ साली हे बेट संशोधनासाठी राखून ठेवलं गेलं आणि १९४६पासून अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था त्याची देखभाल करते. बेटाचं क्षेत्रफळ पंधरा-सोळा चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या साधारण सातव्या हिश्शाएवढं. पण जगातल्या उष्ण कटिबंधी जंगलांपैकी इतका बारकाईने अभ्यास झालेल्या जागा मोजक्याच असतील.

गाइडबरोबर पायवाट चढू लागलात की आधी ऐकू येतात हाउलर माकडं. ही माकडं ओरडतात की डरकाळी फोडतात, असा प्रश्न पडतो. मग दिसतात झाडांच्या बुंध्यांवरचे छोटे क्रमांकाचे बिल्ले. १९८०च्या सुमारास स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर या दोघांनी इथे पन्नास हेक्टरचा एक चौकोन आखला आणि त्यातलं एक सेंटीमीटर जाडीच्या वरचं प्रत्येक झाड मोजायला घेतलं. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची जात नोंदवलेली. दोन लाखांहून जास्त खोडं! नंतर दर पाच वर्षांनी पुन्हा तीच मोजणी. आपल्याकडे सोसायटीतल्या झाडांची नावं किती जणांना सांगता येतील? इथे जंगलातल्या काटकीलासुद्धा हजेरीपटावर जागा आहे.

झाडं उभी राहतात, त्यांना बिल्ला लावता येतो. पण त्यांच्यावर राहणाऱ्या किड्यांचं काय? त्यांची मोजदाद कशी करणार? हाच प्रश्न १९७०च्या दशकात याच परिसरात एका माणसाच्या डोक्यात शिरला.

धूर सोडणारा माणूस

टेरी अर्विन. जन्म १९४० सालचा, कॅलिफोर्नियातला. काम स्मिथसोनियनमध्ये, जीव कॅराबिडी कुळावर. झाडावर चढण्यापेक्षा झाडावरचे किडे खाली आणले तर? या विचारातून त्यांनी 'फॉगिंग'चं तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरायला सुरुवात केली. पावसाळ्यात महापालिकेचा माणूस डासांसाठी धूर सोडत गल्लीतून जातो ना? तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे धूर सोडायचा तो झाडाच्या शेंड्यात. वेळ पहाटेची, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि धूर पानांमध्ये रेंगाळतो. औषध असं निवडायचं की जे लवकर विरून जाईल. झाडाखाली चादरी ताणून ठेवायच्या. थोड्याच वेळात वरून किड्यांचा पाऊस सुरू होतो. टप, टप, टप. मग ते सगळं गोळा करून अल्कोहोलच्या बाटलीत.

कालव्याच्या पट्ट्यात ल्यूहिया सीमानी नावाचं एक झाड आहे. आपल्या भेंडी-जास्वंदीच्या कुळातलं. अर्विन यांनी या एकाच जातीची फक्त १९ झाडं निवडली आणि वेगवेगळ्या मोसमांत त्यांच्यावर धूर सोडला. खाली पडलेल्या भुंगेऱ्यांची वर्गवारी केली. किती प्रजाती निघाव्यात? अंदाज करा. शंभर? दोनशे? आकडा निघाला सुमारे बाराशे! एका जातीच्या १९ झाडांवर भुंगेऱ्यांच्या बाराशे प्रजाती.

याच सुमारास पीटर रेव्हन या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांना विचारलं की पनामाच्या एक एकर जंगलात किती प्रजाती असतील? उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग अर्विन यांनी एक हिशेब मांडला. एक्सेल शीटवर बजेट मांडतो ना आपण, तसाच सरळसोट. या बाराशेपैकी १६३ भुंगेरे फक्त याच जातीच्या झाडावर राहणारे असावेत, असं त्यांनी धरलं. उष्ण कटिबंधात झाडांच्या जाती साधारण पन्नास हजार. गुणाकार केला, ८१ लाख ५० हजार भुंगेरे. संधिपाद प्राण्यांमध्ये, म्हणजे कीटक-कोळी वगैरेंमध्ये, भुंगेऱ्यांचा वाटा चाळीस टक्के. म्हणजे झाडांच्या मांडवात एकूण दोन कोटी प्रजाती. जमिनीवरच्या त्याच्या निम्म्या, म्हणजे आणखी एक कोटी. एकूण झाल्या तीन कोटी!

हे सगळं त्यांनी १९८२ साली एका छोट्या शास्त्रीय नियतकालिकात अवघ्या दोन पानांत छापलं आणि जगभर खळबळ उडाली. तोवर माणसाने नावं दिलेले सगळे जीव मिळून पंधरा लाखांच्या आसपास होते. म्हणजे आपण ज्या घरात राहतो त्या घरातल्या बहुतेक माणसांची आपल्याला नावंही ठाऊक नाहीत, असंच की!

तीन कोटींचा आकडा पुढे टिकला नाही. प्रत्येक झाडावर वेगळे किडे असतात, हे त्यांचं गृहीतक जास्त धरलं गेलं होतं, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यात जमिनीवरच्या संधिपादांसाठी सुमारे ६८ लाखांचा अंदाज आला, त्यात भुंगेरे पंधरा लाख. पण गंमत बघा, हा कमी केलेला आकडासुद्धा नावं असलेल्यांच्या कितीतरी पट आहे. नाव मिळालेले भुंगेरे आजही चार लाखांच्याच घरात आहेत.

पनामाने आणखी एक पुरावा दिला. कॅरिबियन किनाऱ्याजवळच्या सान लोरेन्झो जंगलात शंभरेक संशोधकांनी मिळून जमिनीपासून शेंड्यापर्यंत सगळं पिंजून काढलं. २०१२ साली निकाल आला. एकत्र केलं तर अर्ध्या हेक्टरहूनही कमी जागेत ६,१४४ प्रजाती हाती लागल्या. अख्ख्या सहा हजार हेक्टर जंगलासाठी अंदाज होता पंचवीस हजारांचा. शेंड्यापर्यंत पोचायला इथे कशाचा आधार घेतला ठाऊक आहे? बांधकामावरच्या क्रेनचा! हिंजवडीत टॉवर उभे राहताना दिसते तशीच. जंगलात क्रेन उभारून तिला पाळणा टांगायचा आणि त्यात बसून शेंड्यात फिरायचं, ही आयडिया पहिल्यांदा १९९० साली पनामा सिटीतल्याच एका उद्यानात अमलात आली.

बारसं कसं होतं?

आता मुख्य मुद्दा. बाटलीत पडलेल्या किड्याला नाव कसं मिळतं? आपल्याकडे बारशाला आत्या कानात 'कुर्र' करते आणि काम होतं. इथे प्रकरण बरंच किचकट आहे.

नावाचे दोन भाग. पहिला जीनसचा, दुसरा प्रजातीचा. सोप्या भाषेत जीनस म्हणजे आडनाव आणि प्रजाती म्हणजे पाळण्यातलं नाव. फक्त शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव आधी. आख्ख्या प्राणिसृष्टीत एक जीनसचं नाव एकदाच वापरता येतं. म्हणजे प्राण्यांमध्ये आग्रा घराणं एकच. हिशेब सुरू होतो १७५८ सालापासून, लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून. दोघांनी एकाच किड्याला वेगवेगळी नावं दिली तर साधारणपणे आधी छापलेलं टिकतं. रांगेत पहिला आला त्याचा मान.

पण त्याआधी सिद्ध करावं लागतं की हा किडा खरंच नवीन आहे. आग्रांच्या बाबतीत ही खरी डोकेदुखी. दोन आग्रा शेजारी ठेवले तर आपल्याला जुळे भाऊ वाटतील. मग मायक्रोस्कोपखाली पंखांच्या कठीण कवचाचं टोक बघायचं, पाय बघायचे, नरांची जननेंद्रियं वेगळी काढून तपासायची. प्रजाती वेगळी आहे की नाही, याचा निकाल बहुतेकदा तिथेच लागतो. एकमेकांशी साधर्म्य असलेल्यांचे उपगट पाडायचे. अर्विन यांनी २०१० साली नुसत्या मिक्स्टा, विर्गाटा आणि ओहाउसी या तीन उपगटांवर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला, यावरून पसारा किती असेल ते ओळखा. आग्रा जीनसमध्ये आज पाचशेहून जास्त प्रजातींना नावं आहेत आणि रांगेत उभ्या असलेल्या बिननावाच्या त्याहून जास्त.

मग एक नमुना निवडायचा. याला म्हणतात होलोटाइप. पुढे कधीही वाद झाला की 'हा घ्या मूळ पुरावा' म्हणून तोच काढून दाखवायचा. तो टाचणीला टोचून, लेबल लावून म्युझियमच्या कपाटात कायमचा. मग वर्णन, चित्रं आणि छापील प्रसिद्धी. हे सगळं झालं की बारसं झालं.

हे व्हायला किती वेळ लागतो? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार नवा जीव जंगलातून उचलल्यापासून त्याचं नाव छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. एकवीस! एवढ्यात माणसाचं बाळ कॉलेजात जाऊन मत देऊन येतं. आणि तोपर्यंत ज्या झाडावरून तो किडा पडला ते झाड उभं असेल, याची गॅरंटी काय?

केट विन्स्लेट इथे काय करतेय?

शेकडो नावं द्यायची म्हणजे विनोदबुद्धी हवीच. अर्विन यांच्याकडे ती भरपूर होती. 'आग्रा' या आडनावापुढे त्यांनी काय काय जोडलं बघा. एकाचं नाव 'व्हेशन'. सलग वाचा, इंग्रजीतला वैताग होतो. एकाचं 'फोबिया', एकाचं 'कॅडॅब्रा'. पाय मोठे दिसले म्हणून एकाचं नाव 'सॅस्क्वॉच', दुसऱ्याचं 'यती'. एका होलोटाइपचं मुंडकंच गायब होतं. त्याचं नाव 'इकाबॉड', बिनमुंडक्याच्या घोडेस्वाराच्या जुन्या अमेरिकन भयकथेतल्या मास्तरांवरून!

मग आलं २००२ साल. कोस्टा रिकातल्या २९ नव्या आग्रांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यात चक्क हॉलिवूड अवतरलं. 'आग्रा श्वार्झेनेगेरी' हा नाव सार्थ करणारा, कारण नराच्या मधल्या पायांच्या मांड्या बॉडीबिल्डरच्या दंडासारख्या फुगलेल्या. 'आग्रा लिव्ह' हे नाव 'आर्मागेडन' सिनेमातल्या लिव्ह टायलरवरून. आणि 'आग्रा केटविन्सलेटी' हे अर्थातच 'टायटॅनिक'च्या केटवरून. नावांच्या शेवटी जो 'ई' येतो तोही उगाच नाही. लॅटिन व्याकरणानुसार पुरुषाच्या नावाला एक प्रत्यय आणि बाईच्या नावाला वेगळा. उच्चारात आपल्याला तो सारखाच ऐकू येतो, लिहिताना फरक पडतो.

वरवर बघता सगळी धमाल. पण केटच्या नावामागचं कारण त्यांनी निबंधात नोंदवून ठेवलंय आणि ते वाचल्यावर हसू थोडं ओसरतं. त्याचा आशय असा, की सिनेमातली नायिका जहाजाबरोबर बुडाली नाही, ती वाचली. पण जंगलाची कुरणं होत राहिली तर या देखण्या भुंगेऱ्याबद्दल तसं म्हणता येणार नाही. लिव्हचंही तेच. जगबुडीच्या सिनेमातल्या नटीचं नाव, कारण जंगलाची जगबुडी टळली तरच हा किडा टिकणार.

म्हणजे हा नुसता पब्लिसिटी स्टंट नव्हता. कीटकशास्त्राच्या निबंधाला वाचक किती? मोजून थोडे. पण 'केट विन्स्लेट नावाचा किडा' म्हटलं की वर्तमानपत्रं छापतात, ऑफिसात चहाच्या वेळी विषय निघतो. आणि त्या निमित्ताने चार लोकांना कळतं की असा एक जीव आहे आणि त्याचं घर जळतंय.

कोस्टा रिका: कुरणातून परत जंगलाकडे

घर जळतंय म्हणजे काय, हे बघायला पनामाची सीमा ओलांडून कोस्टा रिकात जायचं. गुरांसाठी कुरणं हवीत म्हणून या चिमुकल्या देशाने विसाव्या शतकात जंगल सपाट्याने तोडलं. १९८०च्या दशकात देशाचा जेमतेम पाव भाग जंगलाखाली उरला होता. मग सरकारने गाडी वळवली. १९९६च्या कायद्याने जंगल राखणाऱ्या शेतकऱ्यालाच पैसे द्यायला सुरुवात झाली. आज देशाच्या निम्म्याहून जास्त भागावर पुन्हा झाडं आहेत.

याच काळात तिथे आणखी एक भन्नाट प्रयोग झाला. १९८९ साली 'इनबिओ' नावाची जैवविविधता संस्था उभी राहिली. देशातला प्रत्येक जीव नोंदवायचा, हे तिचं स्वप्न. एवढे पीएचडी आणायचे कुठून? संस्थेने गावातलीच माणसं निवडली. शेतकरी, गृहिणी, जंगलाजवळ राहणारी तरुण पोरं. त्यांना किडे पकडायला, टोचायला, लेबल लावायला शिकवलं. यांना म्हणायचं पॅराटॅक्सॉनॉमिस्ट. पॅरामेडिक असतात ना, तसेच. या मंडळींच्या मेहनतीवर लाखो नमुन्यांचा खजिना उभा राहिला. देशोदेशीचे तज्ज्ञ येऊन त्यातून नव्या प्रजाती शोधू लागले. कोस्टा रिकाच्या आग्रांचा अभ्यासही याच खजिन्याच्या आधाराने झाला. निबंधावर नाव तज्ज्ञाचं येतं, पण पहाटे उठून चिखलातून नमुना आणणारे हात यांचे.

पुढे संस्थेला पैशांची चणचण भासली आणि २०१५ साली हा सगळा संग्रह राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात गेला. संग्रह वाचला, हे महत्त्वाचं. कारण कपाटातला तो टाचणीवरचा किडा म्हणजे त्या प्रजातीचा जन्मदाखला. तो हरवला तर नावालाच आधार उरत नाही.

नाव जन्माला चिकटतं

अर्थात, नाव दिलं की भलंच होतं असंही नाही. याच कॅराबिडी कुळातला एक भुंगेरा युरोपात स्लोव्हेनियाच्या गुहांमध्ये राहतो. आंधळा, फिकट तपकिरी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. १९३७ साली एका संग्राहकाने त्याचं नाव हिटलरवरून ठेवलं. आज नाझी वस्तू जमवणारे शौकीन त्याला मोठ्या किमतीला विकत घेतात आणि त्यामुळे बिचाऱ्याच्या जिवावरच बेतलंय. नाव बदलून टाका, असं आपण सहज म्हणू. पण प्राण्यांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२३ साली स्पष्ट केलं की नैतिक कारणासाठी नावं बदलायला घेतली तर सगळाच गोंधळ होईल. वनस्पतीवाल्यांनी मात्र २०२४ साली काही अपमानास्पद नावं बदलायचं ठरवलं. वाद चालूच आहे.

एक नक्की, नाव हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. आपल्याकडचंच उदाहरण बघा. २०२१ साली ठाण्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी नाव दिलं 'इसियस तुकारामी'. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यात कसाबची बंदूक धरून ठेवत शहीद झालेले तुकाराम ओंबळे, त्यांच्या स्मरणार्थ. बोटाच्या पेरावर मावेल एवढा जीव, पण आता विज्ञानाच्या पुस्तकात ते नाव कायमचं.

आणि आग्रांचे भाऊबंद बघायला पनामाच गाठायला हवं असंही नाही. महाराष्ट्राच्या कोरड्या, झुडपी माळरानांवर एक दणकट ग्राउंड बीटल फिरतो. लांबी चारेक सेंटीमीटर, रंग काळाकुट्ट आणि पाठीवर पांढरे सहा ठिपके, दोन पुढे आणि चार मागे. डॉमिनोजच्या सोंगटीसारखा. याचं नाव अँथिया सेक्सगुट्टाटा. दुसऱ्या शब्दाचा अर्थ साधा, 'सहा थेंबांचा'. हे नाव दिलं १७७५ साली, आणि कुणी? आग्राचं बारसं करणाऱ्या त्याच फाब्रिसियसने! तेव्हा असे बहुतेक सगळे भुंगेरे 'कॅराबस' या एकाच आडनावाखाली कोंबलेले असत. १८०१ साली, म्हणजे आग्राला नाव मिळालं त्याच वर्षी, 'अँथिया' हे वेगळं घराणं मांडलं गेलं आणि आपला सहा ठिपकेवाला तिकडे गेला. आडनाव बदललं, पाळण्यातलं नाव तेच राहिलं. फक्त 'गुट्टाटस'चं 'गुट्टाटा' झालं, कारण नवं आडनाव स्त्रीलिंगी! दिसला तर लांबूनच बघा. छेडलं तर तो आम्लाची पिचकारी मारतो आणि डोळ्यांत गेली तर चांगलीच झोंबते.

टेरी अर्विन ११ मे २०२० रोजी गेले. शेवटपर्यंत ते आग्रांची नावं ठेवत होते. तीन कोटींचा त्यांचा आकडा चुकला असेल, पण मुद्दा चुकला नाही. जंगल तुटतं तेव्हा आपण झाडं मोजतो, हेक्टर मोजतो. त्या झाडांवरून कोण कोण गेलं, ते सांगायला नावं लागतात. ज्याला नावच नाही, त्याचं सुतक कुणी पाळत नाही.

जायचंच असेल तर...

भारतातून पनामाला थेट विमान नाही, युरोप किंवा अमेरिकेतून बदलून जावं लागतं. व्हिसाचे आणि लसीचे नियम तिकीट काढण्याआधीच तपासा. कोरडा मोसम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. पनामात अमेरिकन डॉलर सरळ चालतो. बारो कोलोरादोला आगाऊ बुकिंग लागतं आणि गाइडशिवाय सोडत नाहीत. कोस्टा रिकात सारापिकी भागातलं ला सेल्वा संशोधन केंद्र पाहुण्यांना राहायलाही देतं. पूर्ण बाह्यांचे कपडे, चांगले बूट आणि दुर्बीण सोबत ठेवा.

आग्रा दिसेलच असं नाही, तो तीस मीटर वर असतो. पण पायवाटेवर थांबून मान वर करा. तुमच्या डोक्यावरच्या त्या हिरव्या मांडवात या क्षणी असे कितीतरी जीव चालत आहेत, ज्यांचं बारसं अजून व्हायचंय.